यादी, गट आणि नकाशा : शोधनिकालांच्या मांडणीची चिकित्सा

गोषवारा

शोधयंत्राने दिलेले निकाल क्रमवार यादीऐवजी गटांत किंवा नकाशारूपात मांडण्याचे प्रयत्न गेली तीन दशके होत आले आहेत. या प्रयत्नांचे यशापयश चित्राच्या आकर्षकतेपेक्षा गट कोणत्या तत्त्वावर पाडले आणि त्यांना नावे कशी मिळाली यावर अवलंबून राहिले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्या अनुषंगाने मराठी साधनसामग्रीच्या शोधातील अडचणींचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शोधनिकाल, गटवारी, दृश्यांकन, पैलू, वर्गीकरण.

प्रस्तावना

माहिती मिळणे आणि माहितीचा आवाका कळणे या दोन भिन्न गोष्टी होत. पंढरपूरचा पिनकोड शोधणाऱ्यास एक उत्तर हवे असते आणि ते मिळाले की त्याचे काम संपते. 'वारी' या विषयावर लघुशोधप्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची गरज मात्र वेगळी आहे. या विषयाकडे आजवर कोणत्या बाजूंनी पाहिले गेले, कोठे लेखनाची दाटी आहे आणि कोठे जागा मोकळी आहे, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. त्याच्याजवळ अद्याप नेमका प्रश्नच नसतो. मार्शिया बेट्स यांनी १९८९ मध्ये अशा शोधाला रानात फिरत फळे वेचण्याची उपमा दिली. वेचता वेचता वाट बदलते, तसा शोधकाचा प्रश्नही बदलत जातो. गॅरी मार्किओनिनी यांनी २००६ मध्ये 'अन्वेषक शोध' या संकल्पनेचे विवेचन करताना नुसत्या धुंडाळण्यापासून शिकणे आणि तपास करणे यांना वेगळे काढले.

अध्यापकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. आपला विद्यार्थी संशोधनाचा विषय पुष्कळदा शोधयंत्राच्या पहिल्या पानावरच निश्चित करतो. ते पान कसे रचले आहे, यावर त्याला विषयाच्या किती बाजू दिसणार हे ठरते.

यादीचे सामर्थ्य व मर्यादा

१९९८ मध्ये ब्रिन व पेज यांनी मांडलेल्या पेजरँक पद्धतीमुळे महत्त्वाची पाने वर आणणे शक्य झाले आणि क्रमवार यादी हे शोधनिकालांचे सर्वमान्य रूप ठरले. यादी वाचण्यास सोपी असते आणि ती वेगळी शिकावी लागत नाही, हे तिचे गुण नाकारता येत नाहीत. परंतु यादीला एकच मिती असते. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीचा परस्परांशी काय संबंध, हे ती सांगत नाही. 'वारी'च्या निकालांत पालखीचे वेळापत्रक, वर्तमानपत्रातील बातमी, संतसाहित्यावरील लेख आणि वाहतुकीतील बदलाची सूचना एकाखाली एक येऊ शकतात. त्यांतून विषयाची आकृती उभी करण्याचे काम सर्वस्वी वाचकावर पडते, आणि नवख्या वाचकाला नेमके तेच जमत नाही.

गटांचे प्रयोग

या मर्यादेवर पहिला ठळक उपाय झेरॉक्स पार्क येथे शोधला गेला. कटिंग, कार्गर, पेडरसन आणि टुकी यांनी १९९२ मध्ये 'स्कॅटर-गॅदर' ही पद्धती मांडली. दस्तऐवजांचे शब्दसाम्यानुसार गट पाडावेत, वाचकाने त्यांतील काही निवडावेत, आणि निवडलेल्यांचे पुन्हा गट पाडावेत, अशी तिची रचना होती. पुढे झमीर व एत्झिओनी यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात 'ग्रुपर' विकसित केले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या 'व्हिव्हिसिमो'ने २००४ मध्ये 'क्लस्टी' हे गटवारी करणारे शोधयंत्र सर्वांसाठी खुले केले.

या प्रयत्नांमागील विचार सयुक्तिक होता. एकमेकांसारखे दस्तऐवज एकाच प्रश्नाला उपयुक्त ठरण्याचा संभव अधिक असतो, या जुन्या गृहीतकाचा त्यांना आधार होता. शिवाय गटवारी आपोआप होत असल्याने कोणत्याही संग्रहाला ती लावता येत होती. तरीही अशी शोधयंत्रे सामान्य वाचकाच्या सवयीचा भाग झाली नाहीत. 'क्लस्टी'चे २०१० मध्ये 'यिप्पी' असे नामांतर झाले आणि 'व्हिव्हिसिमो' २०१२ मध्ये आयबीएमने विकत घेतली.

याचे महत्त्वाचे कारण मार्टी हर्स्ट यांच्या २००६ मधील लेखात सापडते. गट पाडणे यंत्राला जमते, परंतु गटाला अर्थपूर्ण नाव देणे त्याला जमत नाही, आणि त्याने पाडलेल्या गटांची पातळीही समान नसते. 'वारी'चे असे गट पाडल्यास 'आळंदी', 'यंदा', 'अभंग', 'छायाचित्रे' अशी नावे शेजारीशेजारी येऊ शकतात. त्यांपैकी एक स्थळ, एक काळ, एक साहित्यप्रकार आणि एक माध्यम आहे. ज्या कपाटाच्या एका कप्प्यावर 'इतिहास' आणि दुसऱ्यावर 'लाल बांधणी' लिहिले आहे, त्या कपाटात पुस्तक शोधण्यासारखेच हे आहे. कपाट नीटनेटके दिसते, पण त्यामागील तत्त्व वाचकाला उमगत नाही.

नकाशाचे आकर्षण

दुसरा उपाय दृश्यांकनाचा. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये सुचविलेला क्रम सुपरिचित आहे. प्रथम समग्र दर्शन घडवावे, मग जवळ जाऊन नको ते गाळू द्यावे, आणि तपशील मागितल्यावर पुरवावा. या सूत्राच्या छायेत अनेक प्रयोग झाले. फ्रान्समधील 'कार्टू' २००१ पासून निकालांचा नकाशा दाखवीत असे. ते २०१० मध्ये बंद पडले. गूगलने २००९ मध्ये आणलेले 'वंडर व्हील' २०११ मध्ये काढून टाकले.

चित्र प्रत्येक वेळी मजकुराहून सुबोध असतेच असे नाही. सेब्रेक्ट्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एकाच निकालसंचाची मजकूररूप, द्विमितीय आणि त्रिमितीय मांडणी तुलनेस घेतली. तीत मजकूररूप मांडणीस सर्वांत कमी आणि त्रिमितीय मांडणीस सर्वांत अधिक वेळ लागला. सरावाने त्रिमितीय मांडणीतील अडचण कमी झाली, हेही नोंदविणे न्याय्य ठरेल. यामागील कारण उघड आहे. भूप्रदेशाच्या नकाशात दोन गावांतील अंतर प्रत्यक्ष मोजता येते. लेखांना तसे अंतर नसते. शेकडो शब्दांच्या तुलनेतून निघालेले साम्य कागदाच्या दोन मितींत बसविताना काही संबंध अपरिहार्यपणे विस्कटतात. वाचक मात्र वर्तुळांची जवळीक व आकार यांना वस्तुस्थिती मानतो.

'ओपन नॉलेज मॅप्स' हा व्हिएन्नास्थित ना-नफा उपक्रम या परंपरेतील अधिक विचारपूर्वक केलेला प्रयत्न होय. बेस किंवा पबमेड यांतून सर्वाधिक संबद्ध शंभर लेख घेऊन तो त्यांचे वर्तुळांत गट दाखवितो आणि शेजारी यादीही ठेवतो. शंभर ही मर्यादा उघडपणे सांगणे आणि यादीला न हटविणे, या दोन्ही गोष्टी प्रशंसनीय आहेत. परंतु वर्तुळांची नावे येथेही लेखांच्या नोंदींतील शब्दांवरून आपोआप ठरतात. मूळ नोंद कच्ची असेल तेथे नकाशाही कच्चा राहतो.

पैलूंची पद्धती

तिसरा मार्ग तुलनेने अनाकर्षक दिसतो, पण तोच टिकला. बर्कली येथील 'फ्लेमेन्को' प्रकल्पात वस्तूंचे वर्णन अनेक स्वतंत्र पैलूंनी केले होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कलेतिहासाच्या ३२ विद्यार्थ्यांनी ३५,००० कलाचित्रांचा संग्रह या पद्धतीने व नेहमीच्या शोधपद्धतीने पाहिला. त्यांपैकी ९० टक्क्यांनी पैलूंच्या मांडणीस पसंती दिली, आणि ९७ टक्क्यांनी तिच्यामुळे संग्रहाविषयी अधिक समजले असे सांगितले. दुसरा आकडा आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, कारण तो शोधाच्या वेगाविषयी नसून आकलनाविषयी आहे. २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या तालिकेत अशीच पैलूनिहाय गाळणी आणली. आज ग्रंथालयांपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत पडद्याच्या कडेला दिसणारे रकाने याच पद्धतीचे आहेत.

या विचाराची मुळे भारतीय ग्रंथालयशास्त्रात आहेत, याचा विसर पडू नये. डॉ. शि. रा. रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक विषयाला एकाच कप्प्यात न कोंबता व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल या मूलभूत पैलूंनी त्याची उकल करावी, हे तिच्या विकासातून पुढे आलेले सूत्र आहे. 'वारी'ला ते लावले की 'यंदा' काळाच्या आणि 'आळंदी' स्थळाच्या रकान्यात आपोआप जाऊन बसते.

अर्थात ही पद्धतीही निर्दोष नाही. पैलू ठरविण्यास आणि प्रत्येक नोंद भरण्यास मनुष्यबळ लागते. शिवाय पैलू ठरविणाऱ्याची दृष्टी त्यांत उतरते. 'वारी' ही 'धर्म' या शीर्षकाखाली ठेवावी की 'लोकसंस्कृती' या, हा निर्णय तटस्थ असू शकत नाही. तथापि तो कोणी घेतला हे येथे विचारता येते आणि त्याला आव्हान देता येते. स्वयंचलित गटाच्या नावाबाबत ती सोय नाही.

मराठी सामग्रीचा प्रश्न

शब्दसाम्यावर आधारलेली गटवारी मराठीत अधिकच दुबळी ठरते. 'वारी', 'वारीला', 'वारीतील', 'वाऱ्या' ही एकाच शब्दाची रूपे आहेत. सामान्यरूप आणि प्रत्यय यांची उकल केली नाही तर यंत्राला ते वेगवेगळे शब्द वाटतात. दुसरी अडचण अर्थाच्या पातळीवरची आहे. दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' (१९६४) आणि इरावती कर्वे यांचा 'ऑन द रोड' (१९६२) हा इंग्रजी निबंध वारीच्या अभ्यासकाला टाळता येणार नाहीत. दोहोंच्या मुख्य शीर्षकात 'वारी' हा शब्द नाही, आणि दोहोंची भाषाही एक नाही. शब्द मोजणारे यंत्र त्यांना शेजारी आणीलच असे नाही. पैलूनिहाय नोंद असेल तर ती दोन्ही 'प्रत्यक्ष सहभागातून केलेले लेखन' या एका रकान्यात भेटतील. त्यातच एका विषयाची नोंद कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिपीत आणि कोठे इंग्रजी भाषांतरात होते, ही सार्वत्रिक अनवस्था आहे.

ज्ञानाची मांडणी कशी करावी, याचा विचार मराठीत पूर्वी झालेला आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे आरंभीचे पाच प्रस्तावनाखंड विषयवार रचले आणि शरीरखंड अकारविल्ह्याने लावले. आधी समग्र दर्शन, मग तपशील, हाच तो क्रम होय.

यादीकडून उत्तराकडे

२०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत आणि त्याच वर्षी भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश शोधनिकालांच्या वर दाखविण्यास आरंभ केला. तयार सारांश विधानांच्या सलगतेत मतभेद आणि मोकळ्या जागा झाकून टाकू शकतो. यादीत निदान दहा निरनिराळे आवाज दिसत होते. पिनकोडपुरते हे सोयीचे आहे, परंतु संशोधनाचा विषय शोधणाऱ्यासाठी घातक आहे.

निष्कर्ष

१. गटवारी आणि दृश्यांकन यांचे मूल्यमापन करताना गटांची नावे एका पातळीवरची आहेत काय, हा पहिला प्रश्न असावा.

२. नकाशातील अंतर व आकार हे गणिताचे अंदाज आहेत. ते पुरावा म्हणून शोधनिबंधात वापरू नयेत.

३. पैलूंची पद्धती खर्चिक असली तरी तिचे निर्णय तपासता येतात. शिक्षणक्षेत्रात तीच अधिक विश्वसनीय ठरते.

४. प्रत्येक विभागाने आपल्याकडील लघुशोधप्रबंधांची सूची विषय, स्थळ, काळ, साधने आणि अभ्यासपद्धती या पाच रकान्यांत तयार करावी. त्यासाठी साधा तक्ता पुरेसा आहे. कोणता रकाना भरलेला आणि कोणता रिकामा, हे त्यात पाहून विद्यार्थ्याने विषय निवडला, तर त्याच त्या विषयांची पुनरावृत्ती बरीच टळेल.