'मेक'मधील आज्ञाशोध : एका आश्वासनाची चिकित्सा

सॉफ्टवेअर बांधणीसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जीएनयू मेकची अधिकृत पुस्तिका असे प्रतिपादन करते की, कृतीतील प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमार्फत चालते. मेक क्वचित जवळची वाट धरते, परंतु त्यामुळे निष्पत्ती बदलत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे विधान टिकत नाही.

ती जवळची वाट अशी. ओळीत पाइप, सेमीकोलन यांसारखी चिन्हे नसतील आणि पहिला शब्द मेकच्या अंतर्गत यादीतील शेल-आज्ञा नसेल, तर मेक शेलला न बोलावता स्वतःच 'पाथ'मध्ये प्रोग्रॅम शोधते. आता, जीसीसी उपलब्ध आहे काय हे पाहण्यासाठी 'विच'ऐवजी पॉझिक्स मानकातील 'कमांड -व्ही' वापरावे, असा सल्ला दिला जातो. 'कमांड' ही शेलची अंगभूत आज्ञा, मेक 4.2.1 च्या यादीत मात्र ती नव्हती. उबंटू 20.04 मध्ये हीच आवृत्ती आहे आणि या नावाची फाइल नाही. परिणामी 'शेल' फलनाचे उत्तर रिकामे येते व संगणकावर असलेला कंपाइलर नसल्याचे मेकफाइल जाहीर करते. फेडोरावर बॅशसोबत त्या नावाची छोटी स्क्रिप्ट येते, म्हणून तेथे सारे सुरळीत. कल्याणहून गाडी कसाऱ्याकडे जाणार की कर्जतकडे, हे फलकावर तरी लिहिलेले असते. येथे तेवढीही सूचना नाही. मानक पाळणाराच फसतो, हे विशेष.

दोष बहुधा डॅशच्या माथी मारला जातो, कारण उबंटूने 2006 मध्ये मूळ शेल म्हणून डॅश स्वीकारला आणि मेकफाइलमध्ये बॅश नेमताच अडचण दूर होते. उपाय लागू पडतो, निदान चुकीचे असते. डॅशलाही 'कमांड -व्ही' येते. मूळ शेल बदलला की मेक जवळची वाट सोडते, एवढेच. पडताळा सोपा आहे : त्याच ओळीच्या शेवटी सेमीकोलन द्यावा. ओळ चालली, तर आधीचा शोध शेलने नव्हे, मेकने घेतला होता.

जानेवारी 2020 मधील मेक 4.3 ने यादी वाढवली. पुस्तिकेतील विधान मात्र कायम राहिले. शिवाय मेकफाइलमध्ये निर्यात केलेला 'पाथ' 2022 मधील 4.4 पूर्वी 'शेल' फलनापर्यंत पोहोचतच नसे. त्यामुळे चाचणी एका कंपाइलरची आणि बांधणी दुसऱ्याने, असे घडू शकते. उबंटू 22.04 मध्ये मेक 4.3 असल्याने पहिला दोष तेथे मिटतो, दुसरा राहतो.