टक्क्यांचं धोरण आणि जबाबदारीचा प्रश्न



विमान वाहतूक हा माझा विषय नाही. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. पण सरकारी धोरण म्हणजे शेवटी शब्दांत मांडलेला विचार, आणि विचार तपासणं हे आमचं जुनं काम. म्हणून आज एक दस्तऐवज तपासू या. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरण जाहीर केलं. त्याच महिन्यात या क्षेत्रातल्या परकीय गुंतवणुकीचे नियमही सैल केले. दहा वर्षांचा काळ लोटतो आहे. हिशेब मागायला हरकत नाही.

आधी उद्दिष्ट बघू. २०२२ पर्यंत देशांतर्गत ३० कोटी तिकिटं आणि २०२७ पर्यंत ५० कोटी, असं धोरण म्हणतं. प्रत्यक्षात २०२२ साली देशांतर्गत प्रवासी सुमारे १२ कोटी होते, २०२४ साली सुमारे १६ कोटी. मध्ये कोरोना आला, हे मान्यच केलं पाहिजे. त्यामुळे आकडा हुकला ही माझी तक्रार नाही. आकड्यालाच उद्दिष्ट मानलं, ही तक्रार आहे. महिन्यातून चार वेळा मुंबई-दिल्ली जाऊन येणारा अधिकारी म्हणजे आठ तिकिटं. लातूरचा शेतकरी आयुष्यात एकदा बसला तर एक तिकीट. तिकिटं वाढली म्हणजे सोय सर्वांपर्यंत पोचली, हे अनुमान तर्काला धरून नाही.

आता टक्क्यांकडे येऊ. १९५३ साली विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं. १९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. पुढे बरीच वर्षं परदेशी विमान कंपन्यांना आपल्या कंपन्यांत भागीदारी नव्हती. २०१२ साली त्यांना ४९ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. २०१६ साली विमान कंपनी नसलेल्या परदेशी गुंतवणूकदाराला १०० टक्क्यांपर्यंत वाट मोकळी झाली, त्यातही ४९ टक्क्यांच्या वर सरकारी मंजुरी लागेल अशी अट होती. चालू विमानतळांत तर १०० टक्के गुंतवणूक थेट, मंजुरीशिवाय.

या सगळ्या काळात वाद कशावर झाला? एक बाजू म्हणते, परकीय आले म्हणजे देश विकला. दुसरी म्हणते, परकीय आले म्हणजे कार्यक्षमता आली. दोन्ही बाजूंचं गृहीतक एकच आहे : मालक कोण हे कळलं की तो कसा वागेल हे कळतं. अनुभव काय सांगतो? किंगफिशरचा मालक भारतीय होता. ती २०१२ साली बंद पडली. जेट एअरवेजमध्ये २०१३ साली एतिहादने २४ टक्के हिस्सा घेतला. ती एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. एअर इंडिया पूर्णपणे सरकारी होती. ती कर्जात रुतली आणि जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परत गेली. तीन प्रकारचे मालक, आणि त्रास प्रवाशाला आणि कर्मचाऱ्याला तिन्हीकडे. मालकी हा एक प्रश्न आहे, जबाबदारी हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिलं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

विमानतळाच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. विमान कंपनी आवडली नाही तर निदान कागदावर तरी दुसरी निवडता येते. विमानतळ कसा निवडणार? २००६ साली दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी समूहांकडे दिले. महसुलातला दिल्लीचा ४५.९९ टक्के आणि मुंबईचा ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला मिळेल असं ठरलं. सरकारच्या तिजोरीसाठी सौदा चांगला होता. पण प्रवाशाचं काय? इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घ्या, कारण आपला खिसा त्यात आहे.

विमानतळाचं उत्पन्न दोन प्रकारचं असतं. एक, विमान उतरण्याचं शुल्क, प्रवाशाकडून घेतलेलं शुल्क वगैरे. दुसरं दुकानं, पार्किंग, जाहिराती यांचं. सगळं एकाच गल्ल्यात धरलं तर दुकानांच्या कमाईने प्रवाशाचं शुल्क कमी होतं. २०१६ च्या धोरणाने मिश्र पद्धत सर्वसाधारण केली : दुकानांच्या उत्पन्नातला ३० टक्केच भाग शुल्क कमी करण्यासाठी धरायचा, बाकीचा ७० टक्के चालकाच्या गल्ल्यात. गुंतवणूकदार यावा म्हणून हे केलं, असं समर्थन आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्या दुकानात गिऱ्हाईक कुणामुळे येतं? उड्डाणासाठी तासन् तास थांबावं लागणाऱ्या प्रवाशामुळे. त्याची बाजू या सौद्यात कोण मांडतं?

त्यासाठी नियामक आहे, असं उत्तर मिळेल. शुल्क ठरवायला 'एरा' आहे. पण २०१९ च्या दुरुस्तीने 'मोठा विमानतळ' या व्याख्येची मर्यादा वर्षाला १५ लाख प्रवाशांवरून ३५ लाखांवर नेली, म्हणजे बरेचसे विमानतळ त्याच्या नजरेबाहेर गेले. सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या डीजीसीएमध्ये जवळपास निम्मी पदं रिकामी असल्याचं संसदीय समितीने २०२५ साली दाखवून दिलं. सरकारने धंद्यातून बाहेर पडून पंच व्हायचं, हा या धोरणामागचा विचार. विचार वाईट नाही. पण मग पंच मैदानावर हवा ना!

डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीच जाहीर होते. देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक वाहून नेणाऱ्या इंडिगोकडे त्यांना पुरेल इतकी माणसं नव्हती. हजारो उड्डाणं रद्द झाली. मग कंपनीला नियमांत तात्पुरती सूट मिळाली आणि भाडी भडकल्यावर सरकारने कमाल दर ठरवले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! सूट कशातून दिली? वैमानिकाच्या झोपेतून.

आता लहान गावांकडे येऊ. 'उडान' योजनेचा हेतू मला मनापासून मान्य आहे. पण कॅगचा २०२३ चा अहवाल वाचा. पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही टिकले ५४. सोलापुरात विमानतळासाठी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. चिमणी बेकायदा होती असं प्रशासन म्हणालं. पण पहिलं विमान गोव्याला गेलं ते जून २०२५ मध्ये. पाडण्याची तारीख पाळली गेली. सेवेच्या तारखेला कुणी बांधील नव्हतं.

शेवटचा मुद्दा एका शब्दाचा. उडानच्या विमानतळांसाठी राज्याने जमीन विनामूल्य आणि सर्व बोजांपासून मुक्त द्यावी, असं २०१६ चं धोरण सांगतं. सातबारा पाहिलेल्या माणसाला 'बोजा' म्हणजे काय ते कळतं : जमिनीवर दुसऱ्या कुणाचा तरी असलेला हक्क. कायद्याची भाषा म्हणून शब्द बरोबर आहे. पण तो हक्क ज्याचा आहे त्याच्याविषयी त्या वाक्यात काही नाही. उडानच्या बाहेर, मोठ्या विमानतळांनाही जमीन अशीच मोकळी करून लागते. पुरंदरमधल्या सात गावांत अंजीर-सीताफळाच्या बागांचे मालक विरोधात का उभे राहिले, हे यातून समजतं.

नवी मुंबईचं उदाहरण याच्या उलट आहे, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांनी लढा दिला, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी उठवलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले. तो सौदा पूर्ण न्याय्य होता असं मी म्हणत नाही. पण सरकार कुणाचं काय देणं लागतं, हे तिथे आकड्यात लिहावं लागलं. ते धोरणाने आपणहून लिहिलं नव्हतं. लोकांनी लिहायला लावलं.

माझी मागणी साधी आहे. पुढचा विमानतळ कुणाकडेही सोपवा, देशी, परदेशी किंवा सरकारी. पण करारासोबत तीन गोष्टी जाहीर करा : प्रवाशाला काय देणं लागतं, जमीन देणाऱ्याला काय देणं लागतं, आणि ते दिलं नाही तर दंड कुणाला. आणि तो दंड वसूल करणाऱ्या कार्यालयातली रिकामी पदं आधी भरा.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.