शब्दांवांचून गीत

गायक नसलेला वाद्यवृंद पडद्यावर आला म्हणजे प्रेक्षकानें पाहावें तरी काय? १९६० सालीं 'अपाची' या गतीनें गाजलेल्या 'द शॅडोज' या इंग्रज वाद्यवृंदानें या प्रश्नास पावलांनीं उत्तर दिलें. दूरचित्रवाणीच्या जुन्या कृष्णधवल चित्रफितींत हँक मार्विन व ब्रूस वेल्च गिटार वाजवीत एकाच मापानें पावलें टाकतात. मार्विनची प्रसिद्ध तांबडी गिटार तेथें करडी दिसते. पण रंगाची उणीव भासत नाहीं. हा निव्वळ नखरा होय, असा आक्षेप कोणी घेईल. तो मला मान्य नाहीं. सुरावट वर तरंगत असतां तिच्या खालचा ठेका हीं पावलें दाखवितात. हालचाल मोजकी, म्हणूनच अर्थपूर्ण. आज पडद्यावर क्षणोक्षणीं दृश्य पालटतें आणि ऐकणें मागें पडतें. या मंडळींनीं डोळ्यांस कानांच्या सेवेस लावलें होतें.