सोंड कुठल्या बाजूला?

जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' परवा पुन्हा वाचली, माझी स्वतःची विज्ञानकथा का फसली ते शोधायला. माझी पहिली तीन पानं नुसतं गणित (डॉक्टरेटची खोड, दुसरं काय!). मुलीनं ती सरळ उलटली. नारळीकरही मोबियस पट्टीचं शास्त्र सांगतात, पण आधी कोडं घालतात: डावं-उजवं उलटलेला माणूस आणि सोंडेची दिशा बदललेली मूर्ती. सोंडेतला हा फरक आपल्याकडे आजीलाही ठाऊक. म्हणून तिथं दचकायला होतं, आणि शास्त्र कळून घ्यायची घाई वाचकालाच होते. खुलासा मात्र मला अजूनही थोडा लांबलेला वाटतो. माझी ती तीन पानं मी काढलीत. त्यांच्या जागी घालायला कोडं अजून सापडलेलं नाही.