भूतबंगल्याचे परीक्षण

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते आणि महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची. अशा जत्रांतून रहाटपाळणे आणि मौत का कुआँ यांच्या शेजारी पुष्कळदा एक कापडी इमारत उभी असते. दर्शनी पडद्यावर कवट्या, वटवाघळे आणि रक्ताळलेले दात रंगवलेले असतात, कर्ण्यातून किंकाळ्या ऐकू येतात आणि दारात एक जण घसा ताणून बोलावत असतो. हा भूतबंगला. दुसऱ्या दिवशी वर्गात मधल्या सुट्टीत देवदर्शनापेक्षा त्याचीच चर्चा जास्त होते.

नाटकांची व चित्रपटांची परीक्षणे छापून येतात. मुले ज्या खेळासाठी खाऊचे पैसे साठवतात त्याचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. म्हणून मराठवाड्यातल्या जत्रांत आलेल्या दोन भूतबंगल्यांत आम्ही तिकीट काढून गेलो, एकात भर दुपारी आणि दुसऱ्यात रात्री. मालकांची नावे व जत्रेची गावे मुद्दाम देत नाही. जे गुणदोष दिसले ते त्या दोघांपुरते नसून या खेळाच्या जातीचेच आहेत.

भुतांचा जन्म प्रयोगशाळेत

भूतबंगल्याकडे आडदांड करमणूक म्हणून पाहण्याआधी त्याचे कूळ पाहावे. 1798 च्या सुमारास पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाचा कलावंत चाकांवरचा जादूचा कंदील पडद्यामागून पुढे-मागे सरकवून भुते लहान-मोठी करून दाखवी. भुताखेतांवरचा विश्वास घालवणे हाच आपला हेतू आहे, असे तो प्रेक्षकांना सांगे. 1862 मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर या रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याने रंगमंचावर पारदर्शक भूत उभे केले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची, पण नाव पडले ‘पेपरचे भूत’. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने कंदिलाच्या हलत्या चित्रांचे खेळ केले. अमेरिकेत 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनला जे भुतांचे वाडे उभारले जातात, ते याच घराण्यातले. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 1969 साली सुरू झालेल्या भुतांच्या वाड्यात पेपरचीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरलेली आहे. तेव्हा जत्रेतल्या या कापडी इमारतीला आपण भौतिकशास्त्राची फिरती प्रयोगशाळा म्हणून तपासले, तर ते तिला मोठेपणा देणे नव्हे.

पहिली कसोटी : युक्ती

दुपारच्या बंगल्यात तिसऱ्या वळणावर एक रिकामी खुर्ची होती. पाहता पाहता तिच्यात हाडांचा सापळा बसलेला दिसू लागला आणि हळूहळू विरून गेला. हेच पेपरचे भूत. आपण आणि खुर्ची यांच्या मध्ये 45 अंशांत मोठी साधी काच उभी असते. बाजूच्या अंधाऱ्या कप्प्यात खरा सापळा असतो. त्याच्यावर दिवा पडला की त्याचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि आपल्याला ते काचेच्या पलीकडे, खुर्चीच्या जागी दिसते. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 8 ते 10 टक्के परावर्तित करते. म्हणून खुर्चीवरचा उजेड मंद आणि सापळ्यावरचा प्रखर हवा. येथे दिव्याचा उजेड हळूहळू वाढवण्यात आला होता आणि काच स्वच्छ होती. आमच्या मते दोन्ही बंगल्यांतली ही सर्वांत उत्तम युक्ती.

रात्रीच्या बंगल्यात ‘बोलणारे मुंडके’ होते. ही युक्तीही जुनीच; 1865 मध्ये स्टोडेअर या जादूगाराने ती लंडनमध्ये गाजवली. टेबलाच्या तीन पायांच्या मध्ये दोन आरसे इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेले असतात. त्यांत बाजूच्या पडद्यांचे प्रतिबिंब दिसते. बाजूचे आणि मागचे पडदे एकाच कापडाचे असल्यामुळे टेबलाखाली मोकळी जागा आहे असे वाटते. माणूस मात्र आरशांच्या मागेच बसलेला असतो. येथे ही युक्ती फसली, कारण आरशांवर बोटांचे ठसे होते आणि एका बल्बचे प्रतिबिंब टेबलाखाली लोंबकळत होते. सहावीतल्या एका मुलाने ते लगेच ओळखले आणि बरोबरच्यांना समजावून सांगितले. मालकाचे नुकसान झाले, पण त्या मुलाच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. भूतबंगला रात्री अधिक भीतिदायक असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दुपारचा बंगला जास्त काळोखा वाटला. उन्हातून एकदम आत गेल्यावर डोळ्यांतील दंडपेशी अंधाराला सरावायला वेळ घेतात. पूर्ण सरावासाठी 20 ते 30 मिनिटे लागतात आणि भूतबंगला तर चार मिनिटांत संपतो. रात्री बाहेरच्या उजेडाला डोळे इतके दिपलेले नसतात. त्यामुळे कापडामागचे बांबू, वायरी आणि विडी ओढत बसलेले ‘भूत’ असे सगळेच दिसू लागते.

दुसरी कसोटी : भीती

दचकणे आणि भिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कानाशी अचानक पत्रा बडवला की डोळे मिटतात, मान आखडते आणि खांदे वर येतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती मेंदूच्या खालच्या भागातून, सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास सुरू होते. विचार नंतर येतो. भीतीला मात्र वेळ लागतो. पुढे काहीतरी आहे या अपेक्षेने ती वाढते, अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, नाडी जलद होते आणि तळहात घामेजतात.

रात्रीच्या बंगल्यात नुसता पत्राच होता. पहिल्यांदा आम्ही दचकलो, तिसऱ्यांदा कंटाळलो. दुपारच्या बंगल्यात मात्र एक लांबट बोळ पूर्ण रिकामा ठेवला होता. त्यात काहीच घडले नाही आणि आमच्यापैकी सर्वांची पावले तेथेच मंदावली. काही न दाखवता भिववणे हे खरे कौशल्य.

डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच एका भूतबंगल्यात 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार भीती आणि आनंद यांचा आलेख घुमटाच्या आकाराचा येतो. भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त असली तरी मजा नाही. मध्ये कोठेतरी आनंदाचा कळस असतो. हा मध्यबिंदू प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणूनच रडणाऱ्या मुलाला ‘मुलगा असून भितोस?’ म्हणत आत ओढणारे काका त्याला धीट करीत नसतात. स्वतःच्या मर्जीने घेतलेली भीती हा खेळ आहे. दुसऱ्याने लादलेली भीती ही शिक्षा आहे.

येथे एका प्रसंगाची नोंद केली पाहिजे. एका बंगल्यात फळ्यांची जमीन मोटारीने हादरवतात आणि खालून घरघर ऐकवतात. बरोबरची मुले खिदळली. आमच्यातले एक वयस्क शिक्षक मात्र भिंतीला हात टेकून तेथेच थांबले आणि उरलेला बंगला न पाहता बाहेर आले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्या आधीच्या वर्षी तेथील लोकांनी धक्के आणि जमिनीखालचे आवाज अनुभवले होते. 2024 मध्येही हिंगोली-नांदेड भागात जमीन हादरली. ज्या मुलखात ही घरघर लोकांच्या आठवणीत आहे, तेथे ती करमणुकीसाठी वाजवताना दारावर एक सूचना तरी हवी. भीती सुरक्षित आहे हे मेंदूला ठाऊक असेल तरच तिची मजा वाटते. काहींच्या मेंदूला ते ठाऊक नसते, कारण त्यांच्या अनुभवात ती सुरक्षित नव्हती.

तिसरी कसोटी : सुरक्षितता

या कसोटीवर दोन्ही बंगले नापास आहेत. भिंती कापडाच्या व थर्माकोलच्या, वायरी उघड्या, वाट जेमतेम एका माणसाची, आत जायचे दार एक आणि बाहेर पडायचे एक. मध्ये कोठेही सुटकेची वाट नाही. वाळूची बादली वा अग्निशामक नळकांडे दिसले नाही.

11 मे 1984 रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका करमणूक उद्यानातल्या भुतांच्या किल्ल्याला आग लागून 8 किशोरवयीन मुले दगावली. तो किल्ला चाकांवरचे ट्रेलर एकमेकांना जोडून उभारलेला होता. आपल्याकडे 25 मे 2024 रोजी राजकोटच्या खेळघराला लागलेल्या आगीत 27 जणांचा बळी गेला. भूतबंगल्यात धोका दुप्पट असतो. तेथील वाट मुद्दाम चकवणारी असते, अंधार मुद्दाम केलेला असतो आणि सर्वांत वाईट म्हणजे आतून आलेली किंकाळी ऐकून बाहेरचे लोक हसतात. मदतीची हाक तेथे खेळाचाच भाग समजली जाते. म्हणून एका कळीसरशी सगळे दिवे लागतील व कर्णा बंद होईल अशी सोय, आणि दर काही पावलांवर नुसता पडदा सारून बाहेर पडता येईल अशी वाट, या दोन गोष्टी नसतील तर मुलांना आत सोडू नये. त्यांना फार खर्चही येत नाही.

चौथी कसोटी : भूत कोणाचे?

हाडांचा सापळा कोणाचाच नातेवाईक नसतो. त्याला पाहून आपण हसतो, भितो आणि विसरतो. पण दोन्ही बंगल्यांत शेवटचे, सर्वांत मोठे भूत होते ते पांढऱ्या लुगड्यातल्या, मोकळे केस सोडलेल्या, दात पडलेल्या म्हातारीचे. एका ठिकाणी तर पुकारणारा माणूस ‘ही खरी चेटकीण आहे, नजर देऊ नका’ असे ओरडत होता.

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. मराठवाड्यात भानामती हा शब्द करमणुकीचा नाही. घरावर दगड पडले, वाळत घातलेले कपडे पेटले, बाया घुमू लागल्या की संशय बहुधा एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या, विधवा बाईवर घेतला गेला आणि तिची धिंड किंवा मारहाण झाली. भूतपिशाच्चांना आवाहन करण्याची धमकी देऊन घबराट पसरवणे आणि एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे, हे महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे ठरले आहेत. भूतबंगल्याचा मालक कायदा मोडतो असे आम्ही म्हणत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाने आत जे चित्र पाहिले तेच त्याच्या गल्लीच्या टोकाला खरोखर राहते. ती आजी संध्याकाळी पाणी भरायला निघते तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल?

मांत्रिकापेक्षा भूतबंगला पुष्कळ प्रामाणिक असतो, हे कबूल केले पाहिजे. तो तिकिटाची किंमत आधी सांगतो, बाहेरचे दार दाखवतो आणि भुताला मोटार लावली आहे हे फारसे लपवीत नाही. ‘खरी चेटकीण’ म्हटल्याबरोबर मात्र तो हा प्रामाणिकपणा गमावतो आणि मांत्रिकाच्या पंगतीला जाऊन बसतो.

निकाल आणि शिक्षकांसाठी थोडे

दुपारचा बंगला युक्तीत उत्तम, भीतीत चांगला; रात्रीचा दोन्हींत सामान्य. सुरक्षिततेत दोघेही नापास आणि चौथ्या कसोटीवरही नापास. आहेत त्या स्थितीत यांत वर्ग घेऊन जाण्याची शिफारस आम्ही करू शकत नाही. पण भूतबंगल्याला बंदी घाला, असेही आमचे म्हणणे नाही. मुलांना भीतीशी खेळायला आवडते आणि असे खेळताना ती आपल्या शरीराविषयी बरेच काही शिकतात.

वर्गात मात्र त्याहून चांगला भूतबंगला उभारता येतो. फूटभर लांबीची साधी काच घ्या. तिच्या कडांना चिकटपट्टी लावून ती टेबलावर उभी करा. काचेच्या अलीकडे वीतभर अंतरावर पेटती मेणबत्ती आणि पलीकडे बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याने भरलेला पेला ठेवा. मेणबत्तीच्या समोर पुठ्ठ्याचा आडोसा धरा, म्हणजे मुलांना खरी ज्योत दिसणार नाही. खोलीत अंधार करा. पाण्यात मेणबत्ती जळताना दिसेल. मग पेला थोडा पुढे-मागे सरकवा. युक्ती कोठे बिघडते हे मुलांनाच शोधू द्या. सपाट आरशातील प्रतिबिंब वस्तूइतकेच मागे असते, हा नियम त्यांना पाठ करावा लागणार नाही. दुसऱ्या तासाला एकमेकांची नाडी बसल्या जागी, मग अचानक आवाजानंतर आणि मग ‘आता आवाज होणार आहे’ असे सांगून नुसते थांबल्यावर मोजायला लावा व आकडे फळ्यावर मांडा.

28 फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन महाशिवरात्रीच्या आगेमागेच येतो. त्या दिवशी शाळेत मुलांनीच एका खोलीत भूतबंगला करावा. भूत सापळ्याचे असावे, म्हातारीचे नसावे. दोन्ही दारे उघडी असावीत आणि बाहेर पडताना प्रत्येक पाहुण्याला काचेच्या मागे नेऊन भूत कसे केले ते दाखवावे. भुताची भीती गेल्यावरही त्याची मजा शिल्लक राहते की नाही, हे मग मुलांनाच विचारावे.