मदिनेचे साडेपंधरा गुण

मार्च महिना आला की तो नकाशा तुमच्याही फोनवर येत असेल. जगातले सगळे देश रंगवलेले, जिथे दहशतवाद जास्त तिथे रंग गडद. सिडनीची ‘इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस’ ही संस्था २०१२पासून जागतिक दहशतवाद निर्देशांक काढते आहे, त्यातला हा नकाशा. लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या किचनमध्ये कॉफी घेताना कुणीतरी विचारतं, “इंडिया कितवा आला यंदा?” आपणही आधी आपला नंबर बघतो, मग पाकिस्तानचा. दहावीचा निकाल लागल्यासारखं.

पॉडकास्टच्या या भागात आम्ही दहशतवादाच्या सध्याच्या प्रवाहांवर बोललो आणि बोलताना या निर्देशांकाचे आकडे तीन-चारदा फेकले. रेकॉर्डिंग संपलं, पण मला चैन पडेना. पीएचडी करताना मी हेच स्कोअर डोळे झाकून मॉडेलमध्ये घातले होते आणि ‘स्कोअर उतरला म्हणजे धोरण यशस्वी’ असं लिहूनही टाकलं होतं. तेव्हा कुणी हटकलं नाही. आज मीच हटकतो. त्यासाठी तुम्हाला एका गावात आणि एका संध्याकाळी घेऊन जायचं आहे.

गाव मदिना. तारीख ४ जुलै २०१६, रमजानचा २९वा दिवस. ईद तोंडावर आलेली, मस्जिद-ए-नबवीत हजारोंची गर्दी. भिवंडी, मालेगाव, रत्नागिरीकडचं कुणी उमऱ्याला गेलेलं माणूस तुमच्या ओळखीचं असेल, तर त्या आवाराचं वर्णन तुम्ही ऐकलं असेल. रोजा सोडायची वेळ. सौदी गृहखात्याने दिलेल्या माहितीनुसार, मशिदीजवळच्या पार्किंगच्या मैदानातून एक माणूस मशिदीच्या दिशेने येत होता. तिथल्या सुरक्षा जवानांना संशय आला, त्यांनी त्याला अडवलं आणि त्याने अंगावरच्या पट्ट्याचा स्फोट केला. चार जवान गेले, पाच जखमी झाले.

त्याच दिवशी पहाटे जेद्दात अमेरिकी वकिलातीजवळ आणि संध्याकाळी कतीफमध्ये एका शिया मशिदीजवळ असेच आत्मघाती हल्ले झाले. संशय आयसिसवर होता. त्या आठवड्यात इस्तंबूलचा विमानतळ, ढाक्याची होली आर्टिझन बेकरी आणि बगदादचं कर्रादा हे सगळं होऊन गेलं होतं. एकट्या कर्रादात ३००हून अधिक माणसं गेली. त्यामुळे मदिनेची बातमी दोन दिवसांत मागे पडली.

आता हा हल्ला निर्देशांकात घालून बघू. रीत सोपी आहे. प्रत्येक घटनेला १ गुण, प्रत्येक मृत्यूला ३, प्रत्येक जखमीला अर्धा. मालमत्तेचं नुकसान, ओलीस वगैरे बाबी सध्या सोडून देऊ, आणि हल्लेखोराला मृतांत धरायला नको. मदिनेचा एक हल्ला १ गुण, चार जवान १२ गुण, पाच जखमी अडीच. एकूण साडेपंधरा.

या गुणांना वय असतं. ज्या वर्षी हल्ला झाला त्या वर्षी त्यांचं वजन १६, पुढच्या वर्षी ८, मग ४, २, १. त्यानंतर काहीच नाही. म्हणजे २०१६ची मदिना २०२१ साली सौदी अरेबियाच्या स्कोअरमधून पूर्णपणे गेली. नवा मोठा हल्ला झाला नाही तर स्कोअर आपोआप उतरतो. सरकारने काही केलं म्हणून उतरला की पाच वर्षं उलटली म्हणून, हे एकट्या त्या आकड्यावरून कळत नाही.

या निर्देशांकाला मी रद्दी म्हणत नाही, हे आधी सांगून टाकतो. त्याने एक फार मोठं काम केलंय. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस यांच्या बातम्या बघून आपल्या डोक्यात दहशतवादाचा जो नकाशा बसलेला असतो, तो या आकड्यांनी खोटा पाडला. २०२३ साली दहशतवादी हल्ल्यांत ८,३५२ माणसं गेली आणि यादीत सगळ्यात वर बुर्किना फासो होता. २०२४मधल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक सहेल पट्ट्यातले होते. बुर्किना फासो, माली, नायजर. या देशांच्या राजधान्या आपल्याला पटकन सांगता येणार नाहीत. ‘मुस्लिम मारतात आणि बाकीचे मरतात’ असं एखाद्या पार्टीत कुणी ठासून सांगत असेल, तर हाच रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवा. मदिनेतही रोजा धरलेल्या जवानांनीच जीव दिला.

माझी तक्रार वेगळी आहे. या मार्कशीटमध्ये काही विषयच नाहीत, आणि तरी आपण तिच्यावरून देश पास की नापास ते ठरवतो.

पहिली गोष्ट मदिनेतच दिसते. त्या जवानांनी माणसाला मशिदीबाहेर अडवलं. तो आत पोचला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. दहशतवाद रोखणं म्हणतात ते हेच. समोरच्या विशिष्ट माणसावर, विशिष्ट कारणाने आलेला संशय आणि वेळेवर टाकलेलं पाऊल. निर्देशांकात मात्र या कामाची नोंद पडते ती साडेपंधरा गुणांचा हल्ला अशी. वाचलेल्यांसाठी रकाना नाही. तसा रकाना करता येणारही नाही, कारण न झालेले मृत्यू मोजणार कसे? पण मग ‘हल्ला झाला म्हणजे यंत्रणा झोपली होती’ असं म्हणताना आपण जरा थांबायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. या निर्देशांकाच्या व्याख्येत फक्त बिगर-सरकारी हिंसा बसते. ते समजण्यासारखं आहे, सगळं एकत्र केलं तर काहीच धड मोजता येणार नाही. पण त्यामुळे सरकारने दहशतवादाच्या नावाखाली जे केलं ते कागदावरच येत नाही. २ जानेवारी २०१६ रोजी, मदिनेच्या हल्ल्याच्या सहा महिने आधी, सौदी सरकारने एका दिवसात ४७ जणांना देहदंड दिला. त्यांत अल-कायदाच्या हल्ल्यांत दोषी ठरलेले लोक होते, आणि त्याच यादीत सरकारवर जाहीर टीका करणारे शिया धर्मगुरू निम्र अल-निम्र हेही होते. १२ मार्च २०२२ला एका दिवसात ८१ जण. हे आकडे नकाशात कुठला रंग गडद करत नाहीत.

देहदंडाबरोबर कायद्याचा शब्दही पसरत गेला. सौदीच्या २०१४च्या नियमांनी नास्तिक विचाराचा पुरस्कार करण्यालाही दहशतवादात धरलं. २०१७ साली नवा कायदा आला. दहशतवादाचे खटले चालवायला २००८ साली एक खास फौजदारी न्यायालय उभं केलं होतं. त्याच न्यायालयात सलमा अल-शेहाब उभी राहिली. ही मुलगी तुमच्या-आमच्यातलीच म्हणा. लीड्स विद्यापीठात पीएचडी करत होती, सुट्टीत घरी गेली आणि जानेवारी २०२१मध्ये पकडली गेली. गुन्हा काय, तर ट्विटरवर तुरुंगातल्या कार्यकर्त्यांच्या बाजूने लिहिलं. आधी ६ वर्षं, मग अपिलात वाढवून ३४, नंतर २७, शेवटी ४. २०२५च्या फेब्रुवारीत ती सुटली. मदिनेच्या पार्किंगमध्ये बाँब बांधून आलेला माणूस आणि लीड्समधून रिट्विट करणारी मुलगी, दोघांसाठी कायद्याकडे शब्द एकच. ज्या वर्षांत सौदीच्या स्कोअरमधून मदिना पुसली जात होती, त्याच वर्षांत हे चाललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, सौदीचं सोडा, तिथे राजेशाही आहे. बरं, मग आपल्याकडे येऊ.

महाराष्ट्रासाठी २००६ हे वाईट वर्ष होतं. मे महिन्यात औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण. ११ जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, १८०हून अधिक मृत्यू. ८ सप्टेंबरला मालेगावात, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ नमाजाला जमलेल्या गर्दीत स्फोट, ३०हून अधिक मृत्यू. सण, प्रार्थना, गर्दी. मदिनेच्या दहा वर्षं आधी मालेगावने हे पाहिलं होतं.

मालेगावच्या त्या स्फोटांसाठी नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६च्या एप्रिलमध्ये विशेष न्यायालयाने हयात असलेल्यांना आरोपमुक्त केलं. लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब, ओळखपरेड, साक्षी, काहीच टिकलं नाही. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने एवढंच सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला २००८च्या मालेगाव स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपी सुटले. त्या स्फोटात सहा माणसं गेली होती.

दहा दिवसांत दोन निकाल. एका खटल्यातले आरोपी मुस्लिम, दुसऱ्यातले हिंदू. सोशल मीडियावर अर्ध्या लोकांनी एक निकाल साजरा केला आणि उरलेल्यांनी दुसरा. मला मात्र एकच प्रश्न सुचत होता. मग बाँब ठेवले कुणी? निर्देशांकाच्या हिशेबाने लोकल स्फोटांचे गुण २०११ सालीच शून्य झाले होते. न्यायालयात १९ वर्षं झाली तरी त्या कुटुंबांना उत्तर नाही. चुकीचा माणूस आत असणं म्हणजे त्याच्यावर अन्याय तर आहेच, पण खरा माणूस बाहेर राहिला असाही त्याचा अर्थ होतो.

याचं एक टोक परत सौदीतच जातं. मदिनेच्या हल्ल्याच्या पहाटे जेद्दात मेलेला हल्लेखोर हा एक पाकिस्तानी ड्रायव्हर आहे, असं सौदी गृहखात्याने आधी जाहीर केलं. पुढे भारतीय तपासयंत्रणांच्या हवाल्याने बातम्या आल्या की डीएनए तपासणीत तो बीडचा निघाला, २००६च्या त्याच शस्त्रसाठा प्रकरणात फरार असलेला. हे खरं धरलं तर दहा वर्षं एक माणूस नाव बदलून फिरत होता आणि आपण त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रकरणांत भलत्याच लोकांना कोठडीत ठेवून बसलो होतो.

यावर नेहमी येणारा प्रश्न मला माहीत आहे. “म्हणजे कडक कायदे नकोतच का?” कडक असायला हरकत नाही. पण कडक आणि रुंद यांत फरक आहे. संशय टोकदार असेल तर तो मदिनेच्या मैदानात माणसं वाचवतो. तोच पसरट झाला की लीड्सच्या विद्यार्थिनीला पकडतो आणि मालेगावच्या नऊ जणांची पाच वर्षं खातो. जुलै २०२५च्या याच महिन्यात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जन सुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याचा रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, असं सरकार म्हणतं. विरोधकांचा आक्षेप त्यातल्या ढोबळ व्याख्यांवर आहे. तुमचं मत काहीही असो, ज्या महिन्यात दोन जुने खटले कोसळले, त्या महिन्यात विधिमंडळाने आधी जुन्या तपासांचा हिशेब मागायला हवा होता, असं मला वाटतं.

सौदीनेही तो मागितलेला नाही, पण तिथे मागण्याची सोय नाही. आपल्याकडे आहे. उच्च न्यायालयाची निकालपत्रं कुणालाही वाचता येतात. ती लांब आहेत, कंटाळवाणी आहेत आणि कुठल्याही नकाशापेक्षा जास्त शिकवतात. तपास कुठे चुकला, हे त्यांत पानापानावर लिहिलेलं असतं.

तेव्हा पुढच्या मार्चमध्ये कुणी तो नकाशा दाखवला तर जरूर बघा. बुर्किना फासो कुठे आहे तेही बघा. पण “इंडिया कितवा?” या प्रश्नावर थांबू नका. पाच वर्षांत पुसल्या गेलेल्या हल्ल्यांपैकी किती हल्ल्यांचे खरे गुन्हेगार सापडले, ते विचारा. त्या वर्षांत कायद्याने ‘दहशतवादी’ या शब्दात नव्याने कुणाकुणाला बसवलं, तेही विचारा. मला माझ्या जुन्या पेपरमधलं ते एक वाक्य आता बदलायचं आहे. स्कोअर उतरला, एवढंच मी लिहायला हवं होतं.