'कर्करोगनाशक' ह्या विशेषणाची व्याप्ती

वनौषधींच्या अर्कांची प्राण्यांवरील परीक्षा हा विषय औषधिशास्त्राचा होय. तथापि त्या परीक्षेचा निष्कर्ष वाचकापर्यंत पोहोचतो तो शब्दांच्या द्वारे. म्हणून त्या शब्दांची छाननी भाषाशास्त्राच्या कक्षेत येते. मराठी शास्त्रीय लेखनात 'कर्करोगनाशक' हे विशेषण फार सैलपणे योजिले जाते. हा दोष केवळ शैलीचा नव्हे, हे सातारा-सांगलीकडील एका वृक्षाच्या इतिहासावरून दिसून येईल.

महाबळेश्वरपासून कोयना-चांदोलीपर्यंतच्या अरण्यांत आढळणारा हा वृक्ष म्हणजे नरक्या. दुर्गंधीमुळे त्यास 'घाणेरा' असेही म्हणतात. मराठी नामसूचींत मात्र ह्याच वृक्षास 'अमृता' हेही नाव दिलेले आढळते. नरक आणि अमृत एकाच झाडाच्या वाट्यास यावेत हे मनोरंजक खरे. परंतु आयुर्वेदात 'अमृता' म्हणजे गुळवेल, आणि 'घाणेरी' म्हणजे टणटणीचे झुडूप. तेव्हा केवळ देशी नावावर विसंबणाऱ्या वृत्तान्तात कोणत्या वनस्पतीचा अर्क तपासला हेच संदिग्ध राहते.

ह्या वृक्षाचे महत्त्व त्यातील कॅम्प्टोथेसिन ह्या द्रव्यामुळे आहे. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी ते १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यात असल्याचे दाखविले. उंदरांच्या रक्तकर्करोगावर ते विलक्षण प्रभावी ठरले होते. ह्या 'प्रभावी' शब्दाचा अर्थ नेमका काय? रोगपेशी टोचलेल्या उंदरांपैकी काहींना द्रव्य द्यावयाचे, काहींना नाही. पहिल्यांचे आयुर्मान दुसऱ्यांच्या १२५ टक्के वा अधिक भरले की द्रव्य क्रियाशील, असा त्या काळच्या परीक्षांचा दंडक होता. अनुपचारित उंदीर आठ दिवस जगले आणि उपचारित दहा, तरी दंडक पूर्ण होतो. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने हे दोन दिवस मोलाचे आहेत. 'नाश' मात्र त्यांत नाही.

पुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. १९७०च्या सुमारास रुग्णांवर ह्या द्रव्याच्या सोडियम-लवणाच्या परीक्षा झाल्या. अस्थिमज्जेची हानी व मूत्राशयातील रक्तस्राव ह्यांमुळे त्या थांबवाव्या लागल्या. पेशीतील टोपोआयसोमरेझ-१ ह्या विकरावर त्याचा आघात होतो, हे १९८५ मध्ये कळले. आणि टोपोटेकन व इरिनोटेकन ह्या साधित द्रव्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. वृक्षातील द्रव्यापासून मान्यताप्राप्त औषधापर्यंतचे अंतर तीस वर्षांचे आहे. मराठीतील एकच विशेषण ते एका उडीत ओलांडते.

असे का व्हावे? 'कर्करोगनाशक' ह्या समासात जसा विभक्तीचा लोप होतो, तसाच 'कोणाचा कर्करोग, उंदराचा की मनुष्याचा?' ह्या प्रश्नाचाही लोप होतो. शिवाय 'नाशक' हे पद कार्य सिद्धीस गेल्याचे सुचविते. सफनेस व डूरोस यांनी १९८२ मध्ये इंग्रजी लेखनासाठी तीन पायऱ्यांना तीन संज्ञा सुचविल्या: परीक्षानळीतील पेशींसाठी एक, प्राण्यांसाठी दुसरी, आणि मनुष्यावरील परीक्षेसाठीच राखून ठेवलेली तिसरी. मराठीत अनुक्रमे 'पेशीघातक', 'अर्बुदरोधक' आणि 'कर्करोगविरोधी' असा भेद सहज पाळता येण्याजोगा आहे. सामान्य वाचकास हे भेद क्लिष्ट वाटतील हा आक्षेप टिकणारा नाही. 'ताप उतरला' आणि 'रोगी बरा झाला' ह्यांतील अंतर तो नित्य ओळखतो.

ह्या सैलपणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. 'कर्करोगनाशक' एवढेच वाचून सालीचे चूर्ण घेणारा रुग्ण विषाचे सेवन करीत असतो, आणि योग्य उपचाराचा काळ हातचा जातो. दुसरीकडे, परदेशी मागणीपायी सह्याद्रीतील नरक्याची बेसुमार तोड झाली आहे. शब्दाने चढविलेली किंमत त्या लोभास खतपाणीच घालते. तात्पर्य, विशेषण योजण्यापूर्वी परीक्षा कोणत्या पायरीवर झाली हे सांगणे, हा शास्त्रीय लेखनाचा अलंकार नसून त्याचे प्राथमिक कर्तव्य होय.